विद्यापीठाच्या आवारात सिंथेटिक ट्रॅक मागावा की पत्र्याची शेड? कोकणातला पाऊस धरून सांगा

सडेकर_22

नमस्कार मंडळी. मी विद्यापीठाच्या कॅम्पसवर शिकतो, कुठल्या ते मुद्दाम लिहीत नाही, रत्नागिरी जिल्ह्यात आहे एवढं पुरे. आमच्याकडून क्रीडा सुविधांचा प्रस्ताव वर जायचाय आणि जिमखाना कमिटीत विद्यार्थ्यांकडून मी आहे, तर सर म्हणाले मुलांना नक्की काय पाहिजे ते तुम्हीच एका पानावर लिहून द्या. आता त्या एका पानावरूनच आमच्यात दोन गट पडलेत. अर्ध्या पोरांना 400 मीटरचा सिंथेटिक ट्रॅक पाहिजे, लाल, पांढऱ्या पट्ट्यांचा (रील काढायला, दुसरं काय). बाकीचे म्हणतात आधी डोक्यावर छप्पर द्या मग बोला.

कॅम्पस सड्यावर आहे, खाली सगळा कातळ आणि वर कधीतरी आणून टाकलेली तांबडी माती. मैदान एकच, त्यातच कबड्डी, खोखोचे खांब, व्हॉलीबॉलचं नेट आणि उरलेल्या जागेत क्रिकेट, म्हणजे चेंडू कुणाच्या ना कुणाच्या पाठीत बसतोच. जूनमध्ये पाऊस लागला की सगळं बंद. गणपतीपर्यंत गवत कमरेला लागतं, मग कुणीतरी ग्रासकटर आणतं. व्यायामशाळेत एक मल्टिजिम आहे, त्याच्या केबलला गंज चढलाय म्हणून कोणी हात लावत नाही. इनडोअर हॉल कागदावर आहे पण तो परीक्षेचा हॉल आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मुलांची कबड्डी आणि मुलींचा खोखो या आमच्या चांगल्या टीम, धावणारे तीन-चार जण. सपाट जागा चारेक एकर मिळेल म्हणतात. पैसे मिळाले तर एकाच मोठ्या कामाला मिळतील. काय मागू? दोन्ही माग असं कृपया कोणी सांगू नका.

आठशेवाला

ट्रॅक माग, डोळे मिटून. मी कोकणातल्याच कॉलेजातून 800 मीटर पळायचो, सगळा सराव मातीवर नाहीतर डांबरी रस्त्यावर पहाटे एसटी सुरू व्हायच्या आत, आणि मुंबईला मीटला गेलं की रोज सिंथेटिकवर पळणारी पोरं पहिल्या वळणालाच ओळखू यायची. 800 ला पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये पळायचं आणि ब्रेकलाइन ओलांडली की मगच आत यायचं, हे आमच्या पोरांना पुस्तकात वाचून माहीत असतं पण ती लाइन प्रत्यक्ष पायाखाली कधी आलेलीच नसते, मग कोणी लवकर आत घुसतो आणि बाद होतो, कोणी घाबरून बाहेरून पळत राहतो. स्टॅगर्ड स्टार्टचंही (बाहेरच्या लेनचा स्टार्ट पुढे सरकवलेला असतो) तेच, बाहेरच्या लेनवाल्याला वाटतं आपण पुढे आहोत.

आपल्याकडे फक्की मारून 200 मीटरचा गोल आखतात, तो दरवर्षी वेगळा. कधी 190 भरतो कधी 205. मग पोराला एका फेरीचा टाइम काय सांगणार? स्टँडर्ड ट्रॅकला वळणाची त्रिज्या 36.50 मीटर असते, सरळ बाजू 84.39, लेन 1.22 रुंद, म्हणजे जगात कुठेही जा, शरीराला तेच वळण मिळतं. छोट्या गोलावर वळण घेऊन घेऊन आतल्या पायाची वाट लागते ती वेगळीच. स्पाइक्सचं काय सांगू, सिंथेटिकवर 9 मिलिमीटरच्या वरचे खिळे चालत नाहीत, फक्त उंच उडी आणि भाल्याला 12, आणि आमची पोरं मातीचे लांब खिळे लावून तिथे पोचतात आणि ऐनवेळी पाना शोधत फिरतात.

शिवाय सिंथेटिकवर पावसात पळता येतं, चिखल नाही. पुण्याच्या विद्यापीठात खाशाबा जाधवांच्या नावाने संकुल उभं राहिलं ना, मग आपणच काय पाप केलंय.

भाटकर_बाबल्या

आदी मैदानातली गुरां भायर काडा रे मेल्यांनो, मगे ट्रॅक. म्हशीक लेन कळाची नाय.

जिमखानावाले_काका

आठशेवाल्या, तुझं दुखणं खरं आहे रे, ब्रेकलाइनचा घोळ मी डोळ्यांनी बघितलाय. पण एक गोष्ट सगळे विसरतात म्हणून लिहितो, नोकरीभर हेच केलं आहे.

विद्यापीठाचा खेळाचा मोसम कधी असतो ते आधी बघा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ऑगस्टपासून लागतात. कोकण विभागाच्या फेऱ्या, मग मुंबईच्या, मग निवड चाचणी, मग कॅम्प, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ आणि राज्याचा अश्वमेध, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या आपसातल्या स्पर्धा. म्हणजे पोरांनी तयारी करायची ती जून, जुलै, ऑगस्टमध्ये. आणि आपल्याकडे तेव्हा काय असतं? पुण्याला वर्षाला 700-750 मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे रत्नागिरी-दापोली पट्ट्यात 3000 च्या वर आणि तोही बहुतेक याच चार महिन्यांत. त्यात मध्येच गणपती येतात. तेव्हा हॉस्टेल रिकामं, निम्मी टीम आरत्यांना, आणि निवड चाचणी नेमकी विसर्जनाच्या दोन दिवसांनी ठेवणारे महाभाग मुंबईत बसलेले असतात. मैदान वाळून खेळण्याजोगं होतं तेव्हा आपला संघ हरून घरी आलेला असतो. जानेवारीत आपलं मैदान बघा, काय सुंदर असतं, आणि त्यावर स्टाफच्या क्रिकेट मॅच चालतात.

तेव्हा कोकणात पहिली गरज छपराची. कबड्डी-खोखोला तर नक्कीच. ट्रॅकवर पावसात पळता येतं हे बरोबर, पण झड लागलेली असताना अंगात 4 ओले कपडे घालून इंटरव्हल (जोरात पळणं, थोडं थांबणं, परत पळणं) मारणारे किती, तीन-चार, सडेकरनेच लिहिलंय.

आता दुसरी गोष्ट, आणि ही कमिटीत बोलू नकोस, नुसती करून टाक. शेडला भिंती मागू नकोस. चार भिंती आणि दार असलेला हॉल बांधला की तो खेळाचा राहत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला परीक्षा, मग पेपर तपासणीचं कॅप सेंटर, मग कुणाचा तरी सेमिनार, स्नेहसंमेलनाची तालीम, निवडणूक आली की तिथेच मतपेट्या. मी अशा एका ठिकाणी होतो जिथे कबड्डीची मॅट उभी गुंडाळून बेंचच्या मागे चार महिने पडली होती, आणि उद्घाटनाच्या पाटीवर क्रीडा भवन लिहिलेलं. उघड्या शेडमध्ये परीक्षा घेता येत नाही, उत्तरपत्रिका उडतात. बास, तेवढंच संरक्षण पुरेसं आहे.

आणि धावणाऱ्यांसाठी, नोव्हेंबरनंतर, समुद्र जवळ असेल तर पुळणीवर जा. ओहोटीला जी ओली घट्ट वाळू उघडी पडते तिच्यावर. वेळ काढायची सोपी पद्धत कोळ्यांची आहे, तिथी गुणिले पाऊण, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी, सरावाला निरुपयोगी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला भरती, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास वाळू मोकळी. मी महिन्याचं टाइमटेबल कालनिर्णय समोर ठेवूनच करायचो. वरच्या भुसभुशीत वाळूत रोज पळवू नका, तिथे त्याच वेगाला साधारण 1.6 पट शक्ती लागते, आठवड्यातून एकदा पुरे. आणि किनारा उतरता असतो, सतत एकाच दिशेने पळालं तर समुद्राकडचा पाय कायम खालच्या अंगाला पडतो, जाऊन-येऊन सारखं अंतर करा. पावसाळ्यात मात्र किनाऱ्यावर टीम नेऊ नका, लाटेचा भरवसा नाही.

चिरेबंदी

मी सिव्हिलवाला, खेळातलं कळत नाही पण पत्रे आणि कातळ कळतो.

8 लेनचा ट्रॅक म्हणजे बाहेरून बाहेर 176.91 बाय 92.52 मीटर. गुणाकार करून बघ, चार एकर झालेच, आणि अजून गटार, पायवाट, कुंपण काहीच धरलेलं नाही. म्हणजे चारेक एकरात ट्रॅक बसवलात तर कबड्डीचं ग्राउंड मधल्या गवतात. दुसरं, ट्रॅकला उतार जवळजवळ चालतच नाही, धावण्याच्या दिशेला हजाराला एक आणि आडवा शंभराला एक, बस. सड्यावर तेवढं लेव्हल करायचं म्हणजे एका बाजूला कातळ फोडायचा आणि दुसऱ्या बाजूला भराव घालायचा. भराव दोन पावसाळे बसू द्यावा लागतो, नाहीतर वरचं डांबर खचतं आणि त्यावरचं 13 मिलिमीटरचं पॉलियुरेथेन, म्हणजे तुमचं ते सिंथेटिक, त्याच्याबरोबर.

आणि खरा शत्रू वरचा पाऊस नाहीच, खालचा आहे. जांभा, म्हणजे सड्याचा हा तांबडा कातळ, पाणी पितो आणि सोडतो. डोंगराच्या अंगाने झिरपलेलं पाणी ट्रॅकच्या पोटात शिरलं की ऊन पडल्यावर वाफ धरते आणि सिंथेटिकला फोड येतात, जळालेल्या पापडासारखे. वरच्या अंगाला खोल चर काढून पाणी पऱ्ह्यात सोडलं नाही तर कितीही महागडा ट्रॅक टाका. सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं तेही दरवर्षी धुवावं लागतं. टाकायचं काम कोरड्यातच करता येतं, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबर ते मे, टेंडर मार्चला निघालं तर वर्ष गेलं.

शेडबद्दल. 60 बाय 40 मीटरचा साचा सरकारी कामात ओळखीचा आहे, तो धरा. त्यात 13 बाय 10 ची कबड्डीची ग्राउंडं आणि खोखोचं 27 बाय 16 मोकळ्या जागेसकट आरामात बसतं. काकांचं भिंती नकोत हे पटलं पण अगदी चारी बाजू उघड्या ठेवल्या तर झड अर्ध्या कोर्टापर्यंत आत येते. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून, म्हणून त्या अंगाला चेंजिंग रूम, स्टोअर, बाथरूम यांची रांग चिऱ्याची बांधा, तीच भिंत होते. बाकी तीन बाजूंना गुडघाभर कट्टा आणि पत्रा चांगला दीड-दोन मीटर बाहेर काढा म्हणजे पागोळ्या कट्ट्याच्या बाहेर पडतील.

पत्रा बसवताना 3 जून 2020 आठवा. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडापर्यंत पत्रे पानासारखे उडाले. बाजू उघड्या असल्या की वारा खालून छप्पर उचलतो, हे डिझाइनमध्ये धरा असं प्रस्तावातच लिहा, नाहीतर बैठ्या गोडाऊनचा नकाशा चिकटवून देतील. साधे स्क्रू समुद्राच्या हवेत लवकर गंजतात, वॉशरचं रबर गेलं की पहिली गळती तिथूनच. मधे मधे पारदर्शक पत्रे टाका, पावसाळी दिवसात दुपारी तीनला काळोख होतो आपल्याकडे. जमिनीला टाइल्स नकोत आणि लाकूड तर नकोच, दमट हवेत फुगतं. खरखरीत काँक्रीट आणि वर मॅट.

सडेकर_22

अरे बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. एक अडचण. प्राध्यापक मंडळी बॅडमिंटन खेळतात आणि प्रस्तावावर सही त्यांची आहे. उघड्या शेडमध्ये शटल वाऱ्याने जाणार, मग ते म्हणणार बंद हॉलच पाहिजे. आणि व्यायामशाळेचं काय, ती शेडमध्येच घ्यावी का?

खोखोवाली_संगमेश्वर

कोणीच मुलींचं लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी विद्यापीठाकडून खोखो खेळले, आता शाळेत शिकवते.

आधी मॅट. जानेवारी 2025 ला दिल्लीत खोखोचा पहिला वर्ल्ड कप झाला, मुलं-मुली दोन्ही आपल्याच टीम जिंकल्या, सगळं मॅटवर. मोठ्या स्पर्धा आता मॅटवरच जाताहेत आणि आमच्या गावच्या मुली अनवाणी मातीवर शिकलेल्या. मातीत सूर मारला की माणूस थोडं घसरत पुढे जातो, मॅटवर अंग तिथेच चिकटतं आणि गुडघा, कोपर, हनुवटी सोलून निघते. शूज घातले की पायाला खांबाजवळचं वळण वेगळंच लागतं, पाय फिरत नाही आणि घोटा फिरतो. हे सगळं स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा कळलं तर काय खेळणार? म्हणून शेड मागाल तर शेड आणि मॅट एकाच ओळीत मागा, नाहीतर शेड होईल आणि मॅट पुढच्या बजेटमध्ये. मॅट ठेवायला जमिनीपासून वर लाकडी फळ्यांचा रॅक हवा. काँक्रीटवर रचून ठेवली की पावसाळ्यात खालून बुरशी धरते आणि तो वास मग मॅटमधून जात नाही, मुली नाकाला ओढणी लावून खेळलेल्या बघितल्यात मी.

दुसरं म्हणजे बाथरूम. चिरेबंदींनी लिहिलंय पण नुसतं बाथरूम लिहू नका. शेडला लागून, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं, दिवा असलेलं, कचऱ्याचा डबा असलेलं, असं लिहा. आमच्या वेळी मैदानापासून मुख्य इमारत लांब आणि साडेपाचला तिला कुलूप. मुली दुपारपासून पाणी प्यायच्या नाहीत सरावाला यायचं म्हणून. मग पोटऱ्यांना पेटके आले की सर म्हणायचे स्टॅमिना नाही.

तिसरं, सरावाची वेळ. गावातल्या मुलींची शेवटची एसटी साडेसहाला असते. मुलांची कबड्डी आधी आणि मुलींचा खोखो सहाला असं कुठेही लिहिलेलं नसतं पण होतं तसंच. शेडमध्ये दोन्ही एका वेळी चालतील एवढी जागा आहे हे वर वाचलं तर प्रस्तावात स्पष्ट लिहा, एकाच वेळी.

भाटकर_बाबल्या

ताईंचो बाथरूमचो मुद्दो एक नंबर. ट्रॅक काय पळून जाणा नाय.

जिमखानावाले_काका

सडेकर, बॅडमिंटनवाल्यांशी भांडू नकोस, हरशील. परीक्षेचा जो बंद हॉल आहे त्यात दोन कोर्ट आखून द्या, कोर्ट 13.40 बाय 6.10 चं, छत उंच असलं की झालं. त्यांना संध्याकाळी सहा ते आठ लिहून द्या. परीक्षा असतील तेव्हा त्यांचीच ड्युटी असते, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार.

व्यायामशाळा शेडमध्ये उघड्यावर नको. स्टोअरच्या रांगेतली एक मोठी खोली घ्या, खिडक्या समोरासमोर. मल्टिजिमचा हट्ट सोडा, केबल आणि पुलीची मशिनं आपल्या हवेत टिकत नाहीत. त्यापेक्षा दोन रॅक, 20 किलोचे आणि मुलींसाठी 15 किलोचे बार, रबराच्या प्लेटी आणि बाक. बारला पकडीची नक्षी असते तिच्यात घाम आणि खारी हवा मिळून गंज बसतो, आठवड्याला तारेचा ब्रश आणि मशीन ऑइलचा हात, पाच मिनिटांचं काम. पण ते करणारा माणूस लागतो. ग्राउंडमनची जागा मंजूर आहे का, भरली आहे का, हे आधी विचार. अमृतसर, पतियाळा, चंदीगडची विद्यापीठं माका ट्रॉफीत (खेळात सगळ्यात पुढे असलेल्या विद्यापीठाला मिळते ती) कायम पुढे असतात त्याचं कारण लोक स्टेडियममध्ये शोधतात, पण कोच, खुराक आणि रोज मैदान झाडणारा माणूस हे धरून चालतात तिथे. आपल्याकडे इमारतीला पैसे मिळतात, माणसाला मिळत नाहीत. आणि शेडची, स्टोअरची एक किल्ली कॅप्टनकडे राहील असं लेखी घे, शिपाई रजेवर म्हणून सराव बंद हा प्रकार जुलैत हमखास होतो.

आठशेवाला

ठीक आहे, मोसमाचा मुद्दा मान्य. पण धावणाऱ्यांना नुसतं पुळणीवर पाठवू नका राव, दापोलीवाल्याला मुरुड-कर्दे जवळ आहे, सगळ्यांना नाही. माझी मागणी छोटी आहे. शेडच्या लांबीच्या बाजूला 4 लेनची सरळ पट्टी द्या. 100 मीटर, मागे 3 मीटर स्टार्टला आणि पुढे 17 थांबायला, म्हणजे 120 लांब आणि 4.88 रुंद. एवढ्यालाच सिंथेटिक टाकलं तर पूर्ण ट्रॅकच्या मानाने किरकोळ काम. स्टार्ट, ब्लॉक, स्पाइक्स, उडीचा रनअप सगळं त्यावर होतं, आणि लांब पळणाऱ्यांनी गवतावर पळावं, पायाला बरंच. ब्रेकलाइन मी स्वतः येऊन फक्कीने आखून शिकवीन.

चिरेबंदी

पट्टी जमेल. फक्त ती शेडच्या पागोळ्यांखाली येऊ देऊ नका, मधे पन्हळ आणि गटार, आणि ते पाणी टाकीत घ्या, मेमध्ये मैदानावर मारायला तेच उपयोगी पडेल.

सडेकर, नकाशा काढायच्या आधी एक काम तुझ्या हातातलं आहे. पहिला मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन त्या चार एकरात जा आणि पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून बाहेर पडतं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढ, चारी कोपऱ्यांतून. सर्व्हेवाले डिसेंबरात येतात, तेव्हा सगळी जमीन कोरडी ठणठणीत दिसते आणि गटार चुकीच्या बाजूला पडतं. व्हिडिओ प्रस्तावासोबत पेन ड्राइव्हवर जोड आणि मलाही पाठव, शेड कुठल्या अंगाला बसवायची ते बघून सांगतो.